विजेवर चालणारे हॅमर ड्रिल : जोडणी, वापर आणि सुरक्षितता

मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा या पट्ट्यात घर बांधण्याची रीत गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळच पालटली आहे. पूर्वी भिंती मातीच्या, विटांच्या किंवा काळ्या दगडाच्या असत. दिव्यासाठी देवळी, भांड्यांसाठी कोनाडा, पागोट्यासाठी खुंटी ही सर्व सोय भिंत उभी होत असतानाच केली जाई. आता भिंत आधी उभी राहते आणि गरजा मागाहून येतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमुळे घरोघर नळाची नळी भिंतीतून आत न्यावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे छपरावर सांगाडे उभारण्याची कामे निघाली. शाळेचा फळा, कार्यालयातील सूचनाफलक, पंखा, पाण्याच्या टाकीचा पाइप, प्रत्येक कामासाठी पक्क्या भिंतीत छिद्र पाडणे आलेच. छिन्नी-हातोड्याने जे काम तासभर चाले ते विजेवरच्या हॅमर ड्रिलने मिनिटभरात होते. म्हणूनच हे यंत्र आज गवंडी, नळजोडणी करणारे व वीजतंत्री यांच्याजवळ सर्रास दिसते आणि भाड्यानेही मिळते.

यंत्र सुलभ झाले. परंतु ते वापरण्याचे शिक्षण मात्र बहुधा एका कारागिराकडून दुसऱ्याकडे तोंडीच जाते आणि त्यात कामाचा वेग जितका शिकविला जातो तितकी सावधगिरी शिकविली जात नाही.

यंत्राचे कार्य

संत्र्याच्या बागेतील विहीर काळ्या खडकात खोदली जात असता सुरुंगाचे भोक हाताने कसे घेतले जाई, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घणाचा घाव घालायचा आणि प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. फिरविल्यामुळे धार दर वेळी नव्या जागी बसते, दगडाचा चुरा होतो आणि भोक गोल राहते. हॅमर ड्रिल हेच दोन्ही व्यापार एका वेळी करते. फरक इतकाच की मध्यम आकाराचे यंत्र मिनिटाला चार हजारांच्या आसपास घाव घालते.

या घावामागील युक्ती समजून घेण्याजोगी आहे. यंत्राच्या नळकांड्यात मोटर एक दट्ट्या पुढेमागे हलविते. दट्ट्या आणि त्याच्यापुढचा लोखंडी ठोकळा यांच्यामध्ये हवा कोंडलेली असते. दट्ट्या पुढे येताच ही हवा दाबली जाऊन स्प्रिंगप्रमाणे ठोकळ्याला फेकते व ठोकळा बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो. घाव घालण्याचे काम हवा करते, माणसाचे मनगट नव्हे. साध्या ‘इम्पॅक्ट’ ड्रिलमध्ये अशी हवेची योजना नसते. दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात आणि त्यासाठी कामगाराला यंत्र जोराने रेटावे लागते. अशा साध्या ड्रिलवर काम केलेला कारागीर हॅमर ड्रिलही तसेच रेटू लागतो, आणि येथेच पहिली चूक होते. रेटल्याने वेग वाढत नाही. उलट हवेच्या गादीला वाव न मिळाल्याने घाव मंदावतो, बिट तापते व मोटरीवर भार पडतो. यंत्र सरळ रेषेत राहील इतकाच दाब पुरेसा आहे.

जर्मनीतील बॉश कंपनीने १९३२ मध्ये विजेवर चालणारा हातोडा बाजारात आणला. हवेच्या दाबावर घाव घालणारे हातातील ड्रिल लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशातील हिल्टी कंपनीने १९६७ मध्ये काढले. बिट चावीशिवाय चटकन बसविण्याची ‘एसडीएस’ नावाची खाचांची पद्धत १९७०नंतरच्या दशकातली आहे. आपल्याकडे मुंबईच्या मुलुंड भागातील रॅलिवुल्फ आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ येथील कुलकर्णी पॉवर टूल्स ही विद्युत हत्यारांच्या निर्मितीतील मराठी कारागिरांच्या परिचयाची नावे होत.

वीजजोडणी

या यंत्रामुळे होणाऱ्या अपघातांत सर्वांत घातक म्हणजे विजेचा धक्का. गावात सामान्यतः आढळणारे यंत्र ८०० वॅटच्या आसपासचे असते. आपल्याकडील २३० व्होल्ट दाबावर ते साधारण साडेतीन अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे सहा अँपिअरचे चांगल्या स्थितीतील सॉकेट त्यास पुरते. काँक्रीट फोडण्याच्या मोठ्या, १५०० वॅटच्या यंत्रास साडेसहा अँपिअर लागतात. त्यासाठी सोळा अँपिअरचे सॉकेटच हवे.

यंत्र हाती आल्यावर प्रथम त्याच्या पट्टीवरील खूण पाहावी. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर यंत्र दुहेरी विद्युतरोधनाचे आहे. त्याच्या वायरीत दोनच तारा असतात आणि त्यास अर्थिंगची गरज नसते. अशी खूण नसलेल्या, धातूच्या अंगाच्या जुन्या यंत्रास तीन पिनांचा प्लग व चालू स्थितीतील अर्थिंग अत्यावश्यक आहे. असे असता सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी जाड पिन कापून टाकण्याचा प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसतो. ज्याने पिन कापली त्याने यंत्राचा पहारेकरीच काढून टाकला. तीच गोष्ट प्लग न लावता वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये खुपसून आगकाडीच्या पाचरीने घट्ट करण्याची. घावांच्या हादऱ्याने वायर ओढली जाते, काडी निसटते आणि उघडी तार ओल्या फरशीवर किंवा कामगाराच्या पायावर पडते.

‘एमसीबी बसविली आहे, धक्का लागला तर आपोआप पडेल’, ही समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती चुकीची आहे. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टने त्यातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा आहे. सोळा अँपिअरच्या एमसीबीला मात्र एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. तिचे काम तारांना आग लागू नये हे पाहण्याचे आहे. माणसाचे रक्षण करते ते गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे, ३० मिलिअँपिअर क्षमतेचे उपकरण. त्यास कोणी ईएलसीबी म्हणतात, कोणी आरसीसीबी. हे उपकरण मूळ मंडळावर नसेल तर ते बसविलेला सुटा बोर्ड मिळतो व तो यंत्राबरोबरच बाळगावा. त्यावरील ‘टेस्ट’ बटण काम सुरू करण्यापूर्वी दररोज दाबून पाहावे. बटण दाबताच वीज तुटली नाही तर त्या बोर्डावर यंत्र चालवू नये. शाळा, अंगणवाडी व पंचायतीच्या इमारतीत बाहेरचा कारागीर कामास येतो तेव्हा त्याच्याजवळ असा बोर्ड आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना व सचिवांना निश्चितच आहे.

जोडवायरीविषयी दोन गोष्टी. पहिली, ती तांब्याची आणि १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. पन्नास मीटर लांबीच्या अशा वायरीत साडेतीन अँपिअरला सुमारे साडेचार व्होल्टची घट येते, ती चालण्यासारखी आहे. दिव्याच्या माळेला वापरतात तशी अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर तितक्याच लांबीची घेतली तर तेरा-चौदा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि वायर गरम होते. उन्हाळ्यात जेथे मुळातच दाब कमी असतो, तेथे याचा परिणाम मोटर जळण्यात होतो. दुसरी गोष्ट, रिळावरची वायर पूर्ण उलगडल्याशिवाय वापरू नये. गुंडाळलेल्या वायरीतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट नसते. दोन वायरींचा सांधा चिकटपट्टीने करून तो जमिनीवर टाकणे हेही टाळलेच पाहिजे.

आपल्या भागातील एक धोका यंत्राच्या पुस्तिकेत क्वचितच ठळकपणे सांगितलेला असतो. कित्येक यंत्रांच्या खटक्यापाशी एक लहान बटण असते. ते दाबले की खटका सोडला तरी यंत्र चालूच राहते. काम चालू असता वीज गेली, कारागिराने यंत्र खाली ठेवले, चहा प्यायला गेला आणि अर्ध्या तासाने वीज आली, तर ते यंत्र कोणीही हात न लावता जमिनीवर नाचू लागते. म्हणून वीज जाताच खटका मोकळा करून प्लग काढावा. बिट बदलताना आणि यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेतानाही प्लग काढलेलाच असावा.

धक्का लागलेल्या माणसास उघड्या हाताने ओढू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर करावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला वाळूत पुरणे, त्याला पाणी पाजणे अशा उपायांत मोलाची मिनिटे वाया जातात.

भिंतीची पाहणी

छिद्र कोठे पाडावयाचे हे ठरविणे निम्मे काम होय. भिंतीतून गेलेल्या वीजनळ्या साधारणपणे खटक्याच्या मंडळापासून सरळ वर किंवा सरळ आडव्या जातात. म्हणून मंडळाच्या थेट वर, खाली किंवा बाजूच्या पट्ट्यात छिद्र घेऊ नये. शंका असल्यास त्या खोलीची वीज बंद करून यंत्रासाठी दुसऱ्या खोलीतून वायर आणावी. नळाच्या नळ्यांचेही तसेच. भिंतीच्या पलीकडच्या बाजूस कोण आहे हे पाहून यावे; बिट बाहेर पडताना पलीकडचा प्लॅस्टर टवके उडवीत फुटतो. वर्गखोलीचे काम मुले शाळेत नसतानाच करावे.

मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत घाव मुळीच नकोत. निवडखटका नुसत्या फिरण्यावर ठेवावा, नाहीतर छिद्राचे भगदाड होते. काळ्या दगडाच्या जुन्या बांधकामात दगडापेक्षा सांध्यात छिद्र घेण्याचा मोह होतो, कारण सांधा मऊ असतो. परंतु चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यात खुंटी धरत नाही आणि हादऱ्याने शेजारचा दगड सैल होतो. दगडात प्रथम पाच-सहा मिलिमीटरचे वाटाड्या छिद्र घेऊन मग हव्या त्या मापाचे बिट लावावे. मोहगावच्या अर्धनारीश्वर मंदिरासारख्या जुन्या देवस्थानांच्या दगडी कामाला मात्र हे यंत्र लावूच नये. पताका वा दिवे बांधण्यासाठी दोर आणि वेगळा खांब पुरतो; घावाने गेलेली चीर कोणत्याही सिमेंटने पूर्ववत होत नाही.

काँक्रीटमध्ये सळई असते. स्लॅबच्या खालच्या बाजूने छिद्र घेताना सुमारे दोन सेंटिमीटरवरच ती लागू शकते. बिटाचा आवाज एकाएकी धातूचा झाला, पुढे जाणे थांबले, की ती सळई समजावी आणि जागा दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्यावी. दगड-काँक्रीटचे बिट सळई कापण्यासाठी नसते. शिवाय खांब व तुळई यांतील सळई कापणे म्हणजे घराची नाडी कापणे होय. सौरपट्ट्यांचा सांगाडा बसविताना छपराला वरून छिद्रे पाडण्याचा आग्रह काही ठेकेदार धरतात. प्रत्येक छिद्र ही पावसाच्या पाण्याला दिलेली वाट आहे. जेथे छत पेलू शकते आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशेब तंत्रज्ञाने करून दिला आहे, तेथे काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर उभारलेला सांगाडा अधिक बरा.

बिट बसविणे व छिद्र पाडणे

लहान व मध्यम यंत्रांच्या बिटाचा दांडा दहा मिलिमीटर जाडीचा व चार खाचांचा असतो. मोठ्या यंत्राचा अठरा मिलिमीटरचा असतो. एकाचे दुसऱ्यात बसत नाही. दांडा पुसून त्यास ग्रीसचा पातळ हात द्यावा. चकाची बाही मागे ओढून बिट आत सारावे, ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत थोडे फिरवावे आणि मग ओढून पाहावे. ते एक-दोन सेंटिमीटर पुढेमागे सरकते, पण बाहेर येत नाही. हे सरकणे दोष नसून यंत्राची रीतच आहे. नवशिक्या कारागिरास बिट सैल राहिले असे वाटते व तो ते ठोकून बसवू पाहतो.

बाजूची मूठ अडचण होते म्हणून काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. बिट सळईत अडकले तर फिरण्याचा सारा जोर उलटून यंत्राच्या अंगावर येतो. अनेक यंत्रांत अशा वेळी सुटणारा क्लच असतो, तरीही सुटण्याआधीचा झटका मनगट मुरगळण्यास व माणसाला शिडीवरून पाडण्यास पुरेसा होतो. मूठ घट्ट बसवावी, दोन्ही हातांनी यंत्र धरावे, पाय फाकवून उभे राहावे. झुकत्या शिडीवर हे काम करूच नये. पिंपावर फळी टाकूनही नव्हे. चार पायांची पक्की घोडी किंवा बांधलेले मचाण हवे.

निवडखटका यंत्र पूर्ण थांबल्यावरच फिरवावा. लाकूड व लोखंड यांसाठी नुसते फिरणे, काँक्रीट-दगडासाठी फिरणे व घाव, आणि नळीसाठी खोबण काढताना छिन्नी लावून नुसता घाव, अशा तीन स्थिती बहुतेक यंत्रांत असतात. खोलीमापक दांडी खुंटीच्या प्लगपेक्षा दहा मिलिमीटर अधिक खोलीवर बांधावी, म्हणजे तळाशी राहिलेल्या भुकटीला जागा मिळते. आठ मिलिमीटरच्या प्लगला आठाचेच बिट. बिट खुणेवर टेकवून, सावकाश सुरुवात करून, सेंटिमीटरभर आत गेल्यावर पूर्ण वेग द्यावा. अधूनमधून फिरते बिट बाहेर काढून भुकटी मोकळी करावी. काढलेल्या बिटाला लगेच बोट लावू नये. ते चांगलेच तापलेले असते.

सैल बाह्या, गळ्यातील दुपट्टा, लोंबता गोफ ही फिरत्या बिटाजवळ धोक्याची. डोळ्यांना बंद चष्मा असावा; छताचे काम करताना तर तो नसेल तर काम थांबवावे. यंत्राचा आवाज बंद खोलीत इतका होतो की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. अशा आवाजात रोज काम करणाऱ्याची ऐकण्याची शक्ती हळूहळू जाते व गेलेली परत येत नाही. कानात बसविण्याच्या बोळ्यांचा खर्च अगदी किरकोळ आहे.

हातांना बसणाऱ्या हादऱ्यांचा हिशेब युरोपीय समुदायाने २००२ च्या निर्देशात घालून दिला आहे. आठ तासांच्या दिवसाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीवर उपाय सुरू करावेत आणि ५ ही कमाल मर्यादा समजावी. यंत्राच्या पुस्तिकेत हादऱ्याचा आकडा दिलेला असतो. तो १२.५ असेल तर प्रत्यक्ष घाव चालू असण्याच्या वीस मिनिटांतच पहिली पातळी गाठली जाते व सव्वा तासात कमाल मर्यादा संपते. दिवसभर एकाच माणसाने हे यंत्र चालविणे योग्य नाही, हा त्याचा अर्थ. बोटे बधिर होणे, थंडीत ती पांढरी पडणे ही सुरुवातीची लक्षणे होत.

धुळीचा प्रश्न

एखादे छिद्र पाडताना मूठभर भुकटी पडते, तिचे काय एवढे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु काँक्रीटमधील रेती ही मुख्यतः गारगोटीचीच असते. कन्हानच्या पात्रातील रेतीही त्याच जातीची. भूविज्ञानात ‘सौंसर समूह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मँगेनीजसाठी प्रसिद्ध असलेल्या खडकांचे नाव याच तहसिलीवरून पडले आहे आणि त्यांतील कित्येक खडकांत गारगोटी विपुल आहे. गारगोटीचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन तेथे व्रण करतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही आणि त्याच्या मागोमाग क्षयरोग येण्याचा संभव वाढतो.

मध्य प्रदेशाला हा रोग नवा नाही. ज्या पाटीवरच्या पेन्सिलीने पिढ्यान्‌पिढ्या मुले अक्षरे गिरवीत आली, ती मंदसौर येथे दगड कापून तयार होत असे, आणि तेथील कामगार त्या धुळीने तरुणपणीच मृत्युमुखी पडत. त्यांच्या साहाय्यासाठी राज्याला १९८२ मध्ये स्वतंत्र कल्याण निधी अधिनियम करावा लागला. पुढे झाबुआ-अलिराजपूर भागातून गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळण्याच्या कामाला गेलेल्या आदिवासी मजुरांचीही तीच गत झाली, आणि तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भिंतीत छिद्र पाडणाऱ्या गवंड्याची धूळ गिरणीतल्याइतकी दाट नसते हे खरे. पण जो महिन्याचे पंचवीस दिवस बंद खोलीत खोबणी काढतो, त्याने ती हलकी समजू नये.

तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवीत नाही. एन-९५ प्रतीचा, नाकावर घट्ट बसणारा मुखवटा लावावा. वाढलेल्या दाढीवर तो नीट बसत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. शक्य असल्यास दुसऱ्याने धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी छिद्रापाशी धरावी. छिद्रातील भुकटी तोंडाने फुंकून काढण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती डोळे व फुप्फुसे दोन्हींना वाईट. सायकलच्या पंपाने किंवा रबरी फुग्याने ती काढता येते. काम झाल्यावर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसावी. मात्र धूळ बसावी म्हणून छिद्रावर पाणी मारीत यंत्र चालविणे हे विजेच्या दृष्टीने आत्मघातकी आहे. साधे हॅमर ड्रिल पाण्यासाठी बनविलेले नसते.

निगा आणि भाड्याचे यंत्र

भाड्याने यंत्र घेताना वायर जेथे यंत्रात शिरते ती जागा वाकवून पाहावी. आतील तारा दिसत असतील तर यंत्र परत करावे. खटका दाबून सोडताच यंत्र थांबले पाहिजे. मोटरीच्या जाळीतून थोड्या निळसर ठिणग्या दिसणे नेहमीचे आहे. पण लाल, लांब ठिणग्या व जळका वास येत असेल तर कार्बनचे तुकडे झिजलेले असतात. ते जोडीने बदलावे लागतात. या ठिणग्यांमुळेच पेट्रोल, रंग पातळ करण्याचे द्रव किंवा गळके गॅस सिलिंडर यांच्याजवळ यंत्र चालवू नये.

काम संपल्यावर बिट काढून, जाळीतील धूळ मऊ ब्रशाने झाडून यंत्र ठेवावे. वायर यंत्राच्या अंगाभोवती करकचून गुंडाळण्याची पद्धत सोडून ती मोठ्या वेटोळ्यात सैल ठेवली तर तिचे तोंड वर्षानुवर्षे तुटत नाही.